जाऊ न दिलेला माणूस

परवा तिसरी पाळी सुटल्यावर टपरीवर फाळणीचा विषय निघाला. एक दोस्त म्हणाला, सरहद्द म्हंजे परक्याला आत येऊ न देणारी भिंत. मला काय ते पटलं नाय. वाद पेटला, म्हणून मित्रहो, हे लिहितोय.

१९४७. इंग्रजांचं साम्राज्य गेलं. रॅडक्लिफ नावाच्या वकिलानं पाच आठवड्यांत नकाशावर रेघ ओढली. ती जाहीर झाली १७ ऑगस्टला. आधी राष्ट्र, मग त्याची हद्द! तोवर लाखो माणसं रस्त्यावर आली होती. आपलं कोण, हे नव्या राज्यांनी ठरवलं या चालत्या माणसांकडं बघून. १९४८ साली पश्चिम सरहद्दीवर परमिट आलं, १९५२ साली पासपोर्ट. माणसं आधी हलली, कागद मागनं आले.

पण कराचीतला झाडूवाला कुणाचा? (हे कराची १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यात होतं.) तिथले हिंदू व्यापारी निघाले, वकील निघाले. सफाई कामगार निघाले तेव्हा मात्र सरकार आडवं आलं. का, तर ‘अत्यावश्यक सेवा’! आपल्याकडं संप मोडायला काढतात तोच शब्द. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून हेच कळवलं, की महिन्याच्या नोटिशीशिवाय यांना सोडत नाहीत. धर्मावर उभं राहिलेलं राज्य दुसऱ्या धर्माचा माणूस सोडीना, कारण मैला कोण उचलणार? राहायचं गावकुसाबाहेर आणि गाव साफ करायचं आपणच, ही सरहद्द आपल्या बापजाद्यांना पाठ होती.

पाकिस्तानला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. इकडं पूर्व पंजाबात निर्वासितांना जमिनी मिळाल्या त्या तिकडं सोडलेल्या जमिनीच्या हिशेबानं. ज्याची तिकडं जमीनच नव्हती त्यानं काय दाखवायचं? पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल १९५० मध्ये राजीनामा देऊन कलकत्त्याला आले. त्यांच्या नामशूद्र शेतकऱ्यांना दंडकारण्यात धाडलं. त्यातले काही परतून सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर वसले, तर १९७९ मध्ये पोलिसांनी गोळ्या घालून हुसकलं.

एकाला जाऊ दिलं नाही, दुसऱ्याला राहू दिलं नाही. मला वाटतं, नागरिक आहे की वेठबिगार, हे मतपत्रिकेआधी इथं कळतं: त्याला निघून जाता येतं का, आणि आला तर पाय टेकायला जागा मिळते का. ज्या राज्याला माझे हात हवेत आणि मी नको, त्याच्याशी मी निष्ठा कशाच्या बदल्यात ठेवू?

दोस्ताला हे विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, उद्या पाळी सुटली की सांगतो.