बाजार, सद्गुण आणि दिवसाची मजुरी

जगाच्या राजकारणावरील लेखांत नवउदारमतवाद आणि नवपुराणमतवाद ही नावे जोडीने येतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की एकाच वस्तूची ही दोन नावे असावीत. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये ही दोन्ही मते बहुधा एकाच पक्षाच्या छपराखाली नांदली, त्यामुळे हा समज अगदीच निराधार नाही. परंतु माणसाला त्याच्या कष्टाचे जे मिळते ते कोणत्या न्यायाने मिळते, या प्रश्नापाशी दोघांच्या वाटा फुटतात. शब्बाथ शाळेत द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला शिकवणाऱ्या बंधुभगिनींना हा प्रश्न परका नाही, म्हणून त्याचा येथे विचार करू.

प्रथम नावांविषयी. उदारमतवादी म्हटले की आपल्याला न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले आठवतात. प्राथमिक शिक्षण हळूहळू सक्तीचे व्हावे आणि त्याचा भार सरकारने उचलावा, यासाठी गोखल्यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणले होते. येथे ज्या नवउदारमतवादाविषयी बोलायचे आहे तो सरकारने भार कमी उचलावा असे सांगणारा आहे. तेव्हा नावावर जाऊ नये. दुसऱ्या नावात तर ‘नव’ आणि ‘पुराण’ शेजारी बसले आहेत, याचे हसू येते. पण इंग्रजी नावाचा त्याहून बरा अनुवाद अजून मला सापडलेला नाही.

नवउदारमताचा मोठा आचार्य म्हणजे ऑस्ट्रियात जन्मलेला अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिख हायेक. १९४७ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमध्ये समविचारी विद्वानांची परिषद बोलावली व त्यातून एक संस्था उभी राहिली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : कोणाला काय हवे आणि कोण काय पिकवू शकतो याचे ज्ञान लाखो माणसांत विखुरलेले असते. ते एका कचेरीत गोळा होऊ शकत नाही. बाजारातील भाव ते ज्ञान इकडून तिकडे पोचवतात. कांदा महागला की पाऊस कोठे लागला हे ठाऊक नसतानाही गृहिणी कांदा कमी घेते आणि शेतकरी पुढल्या हंगामात जास्त लावतो. म्हणून सरकारने नियम राखावेत व भावांत हात घालू नये. १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर आणि १९८१ मध्ये अमेरिकेत रेगन सत्तेवर आले, तेव्हा हे मत राज्यकारभारात उतरले. आपल्याकडे परकीय चलनाच्या टंचाईतून १९९१ मध्ये त्याचे वारे आले, आणि ‘खाउजा’ हा शब्द मराठीत रुळला.

नवपुराणमताचा जनक म्हणतात तो अर्व्हिंग क्रिस्टॉल न्यूयॉर्कच्या एका ज्यू कुटुंबातला, विद्यार्थिदशेत कडवा डावा. १९६५ मध्ये डॅनियल बेल यांच्याबरोबर त्याने ‘द पब्लिक इंटरेस्ट’ हे नियतकालिक काढले. दारिद्र्य निर्मूलनाच्या सरकारी योजना चांगल्या हेतूने आखल्या जातात, पण त्यांतून अनपेक्षित परिणाम निघतात, हे त्यात पुन्हा पुन्हा दाखवले गेले. गंमत अशी की ‘नवपुराणमतवादी’ हे नाव १९७३ मध्ये मायकेल हॅरिंग्टन या समाजवाद्याने टीका म्हणून वापरले आणि ते चिकटले. क्रिस्टॉलला सरकारी मदत मुळातच नको होती असे नाही. त्याची चिंता वेगळी होती : कुटुंब, धर्म, शिस्त, कष्टाची सवय यांवर समाज उभा असतो, आणि ती पुंजी बाजारात तयार होत नाही, उलट तेथे ती खर्ची पडते.

आता मुख्य मुद्दा. हायेकने १९६० च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिले की मुक्त समाजात माणसाला मिळणारा मोबदला त्याच्या नैतिक योग्यतेनुसार नसतो, आणि तसा नसावाही. तुमच्या कामाचा इतरांना किती उपयोग झाला, यावर तो ठरतो. त्यामागे किती घाम गाळला हे बाजार पाहत नाही. याच ग्रंथाला त्याने आपण पुराणमतवादी का नाही हे सांगणारे प्रकरण जोडले. १९७० मध्ये क्रिस्टॉलने यावर आक्षेप घेतला. ज्या समाजात संपत्ती आणि सत्ता कोणत्याही नैतिक कसोटीवर वाटलेली नाही, त्या समाजात माणसे फार काळ सुखाने राहणार नाहीत, असे त्याचे म्हणणे. सधन माणूस सद्गुणामुळे सधन झाला, एवढा तरी विश्वास लोकांना हवा असतो.

माझ्या मते क्रिस्टॉलने प्रश्न खोलवर ओळखला, पण त्याच्या उत्तराची दुसरी बाजू भयंकर आहे. धनवान सद्गुणी ठरला की दरिद्री आपोआप दोषी ठरतो. १९९६ च्या अमेरिकन कायद्याच्या नावातच ‘वैयक्तिक जबाबदारी’ हे शब्द होते. गरीब कुटुंबांच्या मदतीला त्याने कामाची अट घातली आणि केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या मदतीला आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा ठेवली. हायेक येथे अधिक प्रामाणिक वाटतो. तुझी मजुरी म्हणजे तुझी किंमत नव्हे, असे त्याचे मत मानल्यास निदान गरिबाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडत नाहीत. उपासमार होऊ नये इतकी किमान तरतूद सर्वांसाठी असावी, हेही त्याला मान्य होते. त्याचे अनुयायी हा भाग क्वचितच सांगतात.

दोन्ही मतांची गाठ पडली ती इराकमध्ये. मार्च २००३ चे युद्ध व्हावे म्हणून क्रिस्टॉलचा मुलगा विल्यम व संरक्षण खात्यातील पॉल वुल्फोविट्झ यांसारख्यांनी बराच आग्रह धरला होता : दुष्ट राजवट बळाने हटवावी, लोकशाही रुजवावी. ज्या महासंहारक शस्त्रांचे कारण पुढे केले, ती सापडली नाहीत. मे महिन्यात अमेरिकन प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका हुकुमाने इराकी सैन्य मोडले आणि लाखो कुटुंबांची मिळकत गेली. सप्टेंबरात दुसरे हुकूम निघाले : तेलासारखी नैसर्गिक संपत्ती वगळता बहुतेक उद्योगांत परकीयांना शंभर टक्के मालकी, नफा बाहेर नेण्याची मुभा, प्राप्तिकर जास्तीत जास्त १५ टक्के. इराकी जनतेने निवडलेले सरकार तेव्हा नव्हतेच. कचेरीत बसून समाज घडवता येत नाही हे हायेकने शिकवले, आणि योजनांच्या अनपेक्षित परिणामांपासून सावध राहण्यास क्रिस्टॉलच्या नियतकालिकाने. बगदादच्या त्या कचेरीत दोन्ही पंथांचे लोक आपापला पहिला धडा विसरले.

मंडळ्यांशीही या मतांचा सामना झाला आहे. २१ मे १९८८ रोजी श्रीमती थॅचर एडिंबरा येथे स्कॉटलंडच्या मंडळीच्या महासभेपुढे बोलल्या. जो काम करीत नाही त्याने खाऊ नये, हा पौलाचा थेस्सलनीकाकरांस दिलेला इशारा त्यांनी आधारास घेतला. संपत्ती मिळवणे चूक नाही, पैशाचा लोभ चूक आहे, असे सांगितले. सभागृह ‘माउंड’ नावाच्या टेकडीवर होते, म्हणून डोंगरावरील प्रवचनाच्या चालीवर लोकांनी त्या भाषणाला थट्टेचे नाव दिले. नियामक जेम्स व्हाइट यांनी त्यांना मंडळीचे दारिद्र्य व घरे यांविषयीचे अहवाल भेट दिले. उत्तर म्हणून हे पुरेसे बोलके होते. पौलाचे ते वचन काम करण्याचीच इच्छा नसलेल्याविषयी आहे. काम न मिळालेल्याविषयी नाही.

काम न मिळालेले लोक मत्तयाच्या विसाव्या अध्यायात भेटतात, आणि तेही बाजारात. आपल्या शहरांतील मजूर नाक्यावर सकाळी थापी, पाटी घेऊन उभी असणारी माणसे आपण पाहतो; दुपारपर्यंत ज्याला कोणी नेले नाही त्याचा चेहराही पाहतो. मळ्याच्या धन्याने सायंकाळी बाजारभाव लावला असता तर शेवटच्यांना दिवसाच्या मजुरीचा बारावा भाग मिळाला असता. योग्यता पाहिली असती तरीही तितकाच, कदाचित वर उपदेशही. त्याने दिवसाची पूर्ण मजुरी दिली, म्हणजे एका घराला त्या रात्री लागेल तेवढे.

येथे हायेक आणि क्रिस्टॉल दोघेही एकच शंका काढतील : उद्या सगळे पाच वाजताच येतील! शंका वाजवी आहे आणि वर्गातली हुशार मुलेही ती विचारतात. त्यांना आपण घाईने गप्प करतो, आणि आपल्याच साक्षीच्या सभांत नोकरी, घर, बढती हे सारे आपल्या विश्वासूपणाचे फळ म्हणून मांडतो, तेव्हा मागच्या बाकावरचा बेकार तरुण काय ऐकतो हे लक्षात येत नाही. दाखल्यातील शेवटच्या मजुरांना धन्याने विचारले होते की दिवसभर रिकामे का उभे राहिलात. आम्हाला कोणी कामावर लावले नाही, इतकेच ते म्हणाले. पाठ घेताना हे उत्तर आपण बहुधा वाचून पुढे जातो. पुढल्या वेळी त्या मुलांना तेथेच थांबवून विचारावे, की ते खरे बोलत होते असे तुम्हाला वाटते का.