न दिसणाऱ्या लहरी आणि प्रमाणविचार

जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही आणि त्वचेला जाणवत नाही, तिचे खात्रीचे ज्ञान कशाच्या आधारे होते, हा भारतीय दर्शनांतला मूलभूत प्रश्न आहे. ज्ञानाच्या साधनाला प्रमाण म्हणतात. चार्वाक प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानतात. बौद्ध त्यात अनुमानाची भर घालतात, सांख्य शब्दाची. नैयायिक उपमानासह चार प्रमाणे धरतात, तर भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अर्थापत्ती व अनुपलब्धी मिळवून सहा. घरातल्या मोबाइल इंटरनेटसाठी राउटर आणि अँटेना निवडायची वेळ आली, की हाच प्रश्न व्यवहारात उभा राहतो. भारतात या सेवेच्या लहरी मुख्यतः 700 ते 3670 मेगाहर्ट्झ या टप्प्यात असतात आणि त्या कोणत्याच इंद्रियाचा विषय नाहीत. अशा लहरी आहेत हेदेखील आधी अनुमानानेच कळले. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1865 मध्ये समीकरणांतून त्यांचे अस्तित्व सांगितले. हाइनरिख हर्ट्झने 1887-88 च्या प्रयोगांत त्यांचे कार्य पहिल्यांदा दाखवले, आणि 1895 मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात भिंतीपलीकडची घंटा लहरींनी वाजवून दाखवली. केवळ प्रत्यक्षावर अडून बसणाऱ्याला या क्षेत्रात एक पाऊलही टाकता येत नाही.

अनुमान दोन गोष्टींवर उभे असते. एक लिंग, म्हणजे दिसणारी खूण. दुसरी व्याप्ती, म्हणजे त्या खुणेचा न दिसणाऱ्या वस्तूशी असलेला अटळ संबंध. धूर दिसला की अग्नी असतोच. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, कारण तेथे ओले सरपण ही छुपी अट असते. नैयायिक तिला उपाधी म्हणतात. मोबाइलच्या पडद्यावरच्या रेंजच्या दांड्या पाहून ‘येथे नेट चांगले चालेल’ असे म्हणणे हे याच प्रकारचे सदोष अनुमान आहे. दांड्या भरपूर असूनही वेग नसणे हा अनेकांचा नित्याचा अनुभव आहे. वेगासाठी लहर नितळ असावी लागते आणि टॉवरवर गर्दी कमी असावी लागते. या दोन उपाधी दांड्यांच्या मागे लपलेल्या असतात. शिवाय किती दांड्या दाखवायच्या याची मोजपट्टी प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये सारखी नसते. म्हणून दांड्या हे कच्चे लिंग ठरते.

पक्के लिंग राउटरच्या सेटिंगच्या पानावर आकड्यांत मिळते. आरएसआरपी हा आकडा टॉवरच्या लहरीचे बळ सांगतो. तो उणे 90 डीबीएमच्या वर असेल तर रेंज चांगली, उणे 110 च्या खाली गेला तर कमजोर. उणे 100 डीबीएम म्हणजे एका वॉटचा दहा लाख कोटीवा भाग. इतक्या सूक्ष्म बळावर अख्खे घर चित्रपट पाहते. दर 3 डेसिबलला हे बळ दुप्पट किंवा निम्मे होते, तर 10 डेसिबलला दहापट. दुसरा आकडा एसआयएनआर. लहर तिच्याभोवतीच्या गोंगाटापेक्षा किती वर आहे, हे तो दाखवतो. 20 च्या वर तो उत्तम, शून्याच्या आसपास वाईट. वेगाशी अधिक जवळचा संबंध या दुसऱ्या आकड्याचा असतो.

दोन्ही आकडे चांगले असूनही रोज रात्री आठ ते अकरा नेट रखडते आणि पहाटे सुरळीत चालते, अशी स्थिती असेल तर अर्थापत्ती कामी येते. धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे, हे तिचे पारंपरिक उदाहरण. लहर सबळ आणि नितळ, तरीही ठरावीक वेळी वेग नाही, ही विसंगती टॉवरवरची गर्दी मानल्याशिवाय सुटत नाही. अशा ठिकाणी कितीही महागडी अँटेना बसवली तरी उपयोग होत नाही. दुसऱ्या पट्ट्याचा, म्हणजे लहरींच्या वेगळ्या मेगाहर्ट्झ-टप्प्याचा, किंवा दुसऱ्या कंपनीच्या सिमचा विचार करणे हाच उपाय.

‘येथे रेंजच नाही’ हे अभावाचे ज्ञान आहे आणि त्याचीही कसोटी ठरलेली आहे. भाट्टांच्या मते, वस्तू असती तर ती नक्की कळली असती अशी योग्यता जेथे आहे, तेथेच तिचे न कळणे तिचा अभाव सिद्ध करते. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्तीही अशीच अट घालतो. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. जुन्या राउटरला 700 मेगाहर्ट्झचा 5जी पट्टा पकडताच येत नसेल, तर त्याचे मौन त्या पट्ट्याबाबत काहीच सिद्ध करत नाही. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या भागात कंपनी कोणते पट्टे वापरते आणि राउटर त्यांतले कोणते घेतो, हे ताडून पाहणे आवश्यक असते. भारतात 4जीसाठी 850, 900, 1800, 2100 आणि 2300 मेगाहर्ट्झ, तर 5जीसाठी 700 आणि 3300 ते 3670 मेगाहर्ट्झ हे पट्टे प्रामुख्याने येतात.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतला पूर्ववत् म्हणजे कारणावरून कार्य ओळखणे; ढग पाहून पावसाचा अंदाज करावा तसे. अँटेनाची जागा याच रीतीने ठरते. 700 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 43 सेंटिमीटर लांब असते, 3500 ची साडेआठ. लांब लहर अडथळ्याला वळसा घालते आणि भिंतीतून कमी झिजत जाते; आखूड लहर जाड भिंतीत, लोखंडी पत्र्यावर आणि ओल्या पानांत अडते. कोकणातल्या खोलगट वाडीत जांभ्याच्या जाड भिंतींचे घर असेल, भोवती माड-पोफळी असतील आणि टॉवर डोंगरापलीकडे असेल, तर राउटर माजघरात ठेवून काही साधत नाही. तेथे अँटेना छपराच्या वर, टॉवरच्या बाजूला तोंड करून लागते. समजा अशा घरात अँटेना पंधरा-पंधरा अंशांनी फिरवून, दर वेळी काही मिनिटे थांबून आकडे टिपले. एका दिशेला आरएसआरपी उणे 96 आणि एसआयएनआर 5 आला. दुसरीकडे आरएसआरपी उणे 99 पर्यंत उतरला, पण एसआयएनआर 13 झाला. येथे दुसरी दिशा योग्य. बळ निम्मे झाले, पण शेजारच्या टॉवरचा गोंगाट अँटेनाच्या पाठीमागे गेला.

यानंतर शब्दप्रमाण. आप्ताचे वचन म्हणजे शब्द. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यानुसार, ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. या व्याख्येत प्रतिष्ठेला स्थान नाही, ज्ञानाला आणि सचोटीला आहे. वाडीत स्वतः अँटेना बसवून आकडे टिपलेला शेजारी आप्त ठरतो. वीतभर प्लास्टिकच्या कांडीवर छापलेला ‘35 डीबीआय’ हा लहर एकवटण्याच्या क्षमतेचा आकडा ठरत नाही. अँटेना स्वतः शक्ती निर्माण करत नाही, ती एका दिशेला एकवटते, आणि त्यासाठी आकार लागतो. चांगली पॅनेल अँटेना साधारण 7 ते 11 डीबीआय देते, लांब यागी अँटेना 10 ते 14; 20 च्या वर जायला जाळीची मोठी डिश लागते. वचन अनुमानाशी विसंगत असेल तर ते सोडून द्यावे. शब्दाचे दुसरे रूप निषेधाचे. परवान्याशिवाय सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर लावणे भारतात बेकायदा आहे, आणि त्यामागचे कारण नैतिकही आहे: आपल्या घरची रेंज वाढवताना तो आसपासच्या सगळ्यांच्या लहरींत गोंगाट मिसळतो. राउटरला जोडलेली साधी अँटेना असे काही करत नाही.

जोडणीतही काही गोष्टी पाहाव्या लागतात. 4जी आणि 5जी एकाच वेळी निदान दोन प्रवाह घेतात, म्हणून दोन तोंडांची, एकमेकींना काटकोनात बसवलेल्या दोन अँटेनांची जोडी लागते. कंपन्यांच्या अनेक राउटर-डब्यांना बाहेरची अँटेना लावायला जागाच नसते, ते आधी तपासावे. पातळ केबल 2000 मेगाहर्ट्झच्या वर मीटरमागे सुमारे एक डेसिबल खाते. दहा मीटरमध्ये यागीची बहुतेक कमाई संपते. त्यापेक्षा छपरावरच राउटर असलेले बाहेरचे यंत्र घेऊन घरात इथरनेटची तार आणणे बरे. ती शंभर मीटरपर्यंत चालते आणि वीजही तिच्यातूनच पोचते.

शेवटचा प्रश्न प्रामाण्याचा: झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवायचे? नैयायिक म्हणतात, त्या ज्ञानावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफळ झाली म्हणजे. मृगजळ आणि पाणी यांतला फरक तहान भागल्यावर कळतो. म्हणून अँटेना बसवल्यावर सकाळी, दुपारी आणि रात्री, काही दिवस वेग मोजावा. एकाच चाचणीवर निकाल देऊ नये. मीमांसकांचे म्हणणे याला पूरक आहे: ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि बाधक पुरावा येईपर्यंत त्यावर शंका घेत बसण्याचे कारण नाही. दोन्ही मते मिळून व्यवहाराची रीत सिद्ध होते. आधी मोजावे, मग पट्टे ताडावेत, मग जागा ठरवावी आणि पैसे त्यानंतर खर्च करावेत. चाचणीत जे टिकले त्यावर निर्धास्त राहावे. पावसाळ्यात झाडे दाट झाली, समोर नवी इमारत उठली किंवा टॉवरचा पट्टा बदलला, तर तो बाधक पुरावा समजून पुन्हा मोजमाप करावे.