समदृष्टी ठेवून कुत्रा कसा निवडायचा?



आजचा श्लोक गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने बाहेर ठेवलेला चांडाळ, या सगळ्यांकडे ज्ञानी माणूस एकाच नजरेने पाहतो, असं भगवंत सांगतात.

यावर बदलापूरच्या एका ताईचा प्रश्न आला. शेल्टरमधून कुत्रा आणायचाय. तिथे इतके जीव वाट बघत असतात. एक निवडला म्हणजे बाकीच्यांना नाकारलंच ना? मग समदृष्टी कुठे राहिली?

प्रश्न खरा आहे. पण सारखं पाहणं वेगळं आणि सारखं वागवणं वेगळं. हत्ती आणि गाय दोघांत एकच आत्मा पाहिला, तरी हत्तीला कोणी गोठ्यात बांधत नाही. समदृष्टी बिघडते ती "लॅब आहे का? पिल्लूच हवं, काळा नको" इथे. तेव्हा आपण जिवाची किंमत लावत असतो (आणि बरेचदा रीलवर कसा दिसेल, याचीच).

"आमच्या घरी कोणाचं निभेल?" हा प्रश्न मात्र स्वतःला मोजणारा आहे. बदलापूर ते सीएसएमटी ६० किलोमीटरच्या वर. सकाळची लोकल पकडून रात्री परतणाऱ्याने वन बीएचकेत खेळकर पिल्लू कोंडून ठेवणं याला दया म्हणवत नाही. तिथे पाच-सहा वर्षांचा शांत कुत्रा बरा, आणि तरी दुपारी बघायला कुणीतरी हवंच. घरात आजी असेल तर पायात घुटमळणारं पिल्लू तिला पाडेल. तिथे सांभाळणाऱ्या दादांना विचारा: जेवताना कोणी जवळ गेलं तर गुरगुरतो का, मुलांशी कसा, फटाक्यांना घाबरतो का? दोन-तीन रविवार जा, बाहेर फिरवून बघा. पिंजऱ्यात भुंकणारा किंवा कोपऱ्यात दबलेला कुत्रा बाहेर अगदी वेगळा निघू शकतो.

आणि घरी आल्यावर चार दिवस पलंगाखाली बसला तर लगेच "जमत नाही" म्हणू नका. उल्हासनगरकरांना हे सांगायला नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. १९४९ला गावाला नाव मिळालं, पण पत्ता अजून कॅम्प नंबरनेच सांगतात. आसरा मिळाला त्याच दिवशी घर होत नाही.

महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराने कुत्रा निवडलाच नव्हता, तो आपणहून मागे आला होता. इंद्र म्हणाला, याला सोड आणि रथात बस. युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला, पण आश्रयाला आलेल्याला सोडलं नाही. तो कुत्रा म्हणजे धर्म, हे नंतर कळलं. "नाही" म्हणताना समोर फक्त कुत्रा होता.

सुप्रीम कोर्टाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशातही हेच आहे. रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायला पालिकेकडे अर्ज करता येतो, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणून ताई, नाकारण्याचं दुःख असू द्या, पण मला जास्त भीती परत आणून सोडलेल्याची वाटते. दहा-बारा वर्षांचा हिशोब आधी घरात सगळ्यांनी बसून करा.

उरलेल्यांचं काय, हा प्रश्न तरीही राहतोच. अंबरनाथच्या शिवमंदिरात सोमवारी जाणारे आपण बरेच जण आहोत. त्यातला एखादा रविवार शेल्टरमध्ये त्यांना फिरवायला देता येईल का, बघा.