अर्थ सांगावा कीं सांगूं नये?

शेजारच्या एका मुलास वाचनांत मदत करण्याचें काम कांहीं महिने माझ्याकडे होतें. मुलगा सातवींत, वाचणें स्वच्छ, उच्चार शुद्ध. परंतु वाचलेल्या मजकुरावर साधा प्रश्न विचारला, कीं तो गोंधळून जाई. एके दिवशीं मीं त्याच्यापुढें तीन वाक्यें लिहून ठेवलीं: “आषाढ सरला तरी पावसानें ओढ दिली होती. पाटलांनीं कणगींत डोकावून पाहिलें. त्या रात्रीं त्यांनीं मुलीचें लग्न पुढल्या वर्षावर ढकललें.” तीं त्यानें अस्खलित वाचलीं. “लग्न कां लांबलें?” असें विचारतांच उत्तर आलें, “काका, तें यांत दिलेलेंच नाहीं.”

त्याचें म्हणणें एका अर्थीं खरें होतें. कारण कागदावर नव्हतें. तें तीन वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेंत होतें, आणि तेथें वाचकास स्वतःच जावें लागतें.

अशा वेळीं शिकविणाऱ्यानें काय करावें? मी आजवर अर्थ सांगून मोकळा होत असें. मुलगा तो वहींत उतरवी, पाठ करी, परीक्षेंत गुण मिळवी. त्याचे आईवडील संतुष्ट, मीही संतुष्ट. पण नवा उतारा आला, कीं पुन्हा तोच गोंधळ. मग आमचें तें समाधान प्रामाणिक होतें काय? यास्कानें निरुक्तांत, अर्थ न जाणतां वेद पढणाऱ्यास ओझें वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. मीं तर त्या मुलावर अर्थाचेंच ओझें चढविलें होतें.

उलटपक्षीं, कांहींच सांगूं नये, मुलानें सारें आपलें आपण शोधावें, हें मतही मला न्याय्य वाटत नाहीं. कणगी म्हणजे कामट्यांची विणलेली धान्याची सांठवण, हें शहरांत वाढलेल्या मुलानें कोठून शोधावें? 1988 सालीं रेक्ट व लेस्ली या अमेरिकन संशोधकांनीं मुलांस बेसबॉलच्या खेळाचें वर्णन वाचावयास दिलें. वाचनांत कच्चीं पण खेळ जाणणारीं मुलें, वाचनांत पटाईत पण खेळ न जाणणाऱ्या मुलांहून तें अधिक चांगलें सांगूं शकलीं. आपण ज्यास मंदबुद्धि म्हणतों, तो पुष्कळदां केवळ अपरिचय असतो.

तात्पर्य, सांगण्याच्या गोष्टी दोन आहेत. वस्तूची माहिती आपणांसही दुसऱ्यांकडूनच मिळालेली असते. ती मागतांच, किंबहुना न मागतांही, द्यावी. परंतु तिच्यावरून निघणारें अनुमान हें मुलाचें स्वतःचें धन होय. तें त्याच्याआधीं उच्चारणें ही, हेतु कितीही चांगला असो, एक प्रकारची चोरीच आहे.

मीं त्यास कणगीचें चित्र काढून दाखविलें, पावसाची ओढ म्हणजे काय तें सांगितलें, आणि गप्प बसलों. तीं चार-दोन मिनिटें मला फार जड गेलीं. अखेर तो हळूच म्हणाला, “काका, कणगी रिकामी असेल. नवें पीकही येणार नाहीं. मग वऱ्हाडाला जेवायला काय घालणार?”

पुढच्या परीक्षेंत त्याचे गुण वाढले नाहींत. उलट दोन कमीच झाले. त्याच्या वडिलांस हें समजावून सांगतांना माझी जीभ अडखळली. परंतु त्या दिवशींचें उत्तर त्याचें होतें. आपण शिकवणीकडून नेमकें काय मागतों, याचा पालकांनीं एकवार विचार करावा, एवढीच विनंती.