आधी व्याख्या, मग दर

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. कोळसा तिथे रेल्वेने येतो आणि टनांत मोजला जातो. बॉयलरला मात्र वजनाशी देणंघेणं नसतं, त्याला उष्णता हवी असते. पावसात भिजलेला कोळसा काट्यावर भरतो आणि भट्टीत तेच पाणी वाफ होताना उष्णता खातं. मग विकत घेतलं काय, टन की उष्णता? इंधनाच्या करारात या प्रश्नाचं उत्तर व्याख्यांच्या कलमात असतं. दराची पाळी त्यानंतर.

कोळशापुरतं उत्तर ठरलेलं आहे. जानेवारी २०१२ पासून देशात औष्णिक कोळशाची प्रत एकूण उष्मांकावर ठरते. जी-१ ते जी-१७ अशा सतरा प्रती आहेत. जी-११ म्हणजे किलोमागे ४,००१ ते ४,३०० किलोकॅलरी. पण हा उष्मांक किती ओलाव्याला मोजायचा? प्रत ठरते ती ४० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेत स्थिरावलेल्या नमुन्यावरून. केंद्रात उतरलेला कोळसा त्याहून ओला असू शकतो. कोळसा एकच, आकडे दोन, आणि दोन्ही खरे. मधला तोटा कुणी सोसायचा, हे व्याख्या सांगते.

नैसर्गिक वायूच्या बाबतीत तर आकारमानही भरवशाचं नाही. ४० अंशांच्या उन्हात एका घनमीटरमध्ये १५ अंशांपेक्षा सुमारे आठ टक्के कमी वायू मावतो. उंचीचाही असाच परिणाम होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटरवर आहे. तिथला हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सात टक्के कमी. साधा दाबमापक बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे, एवढंच दाखवतो. त्यामुळे घरगुती वाहिनीसारख्या कमी दाबाच्या नळीत काटा आणि तापमान दोन्हीकडे सारखं असलं, तरी नाशिकच्या घनमीटरमध्ये वायू कमी भरतो. म्हणूनच करारात ‘प्रमाणित घनमीटर’ येतो: १५ अंश सेल्सिअस आणि १.०१३२५ बार निरपेक्ष दाब.

एवढ्यानेही भागत नाही. मिथेनसोबत इथेन, प्रोपेन किती, नायट्रोजन किती, यावर उष्मांक बदलतो. म्हणून सौदा होतो उष्णतेचा, दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटमध्ये. हे एक माप म्हणजे सुमारे २,५२,००० किलोकॅलरी. घनमीटरला ९,००० किलोकॅलरी देणारा वायू असेल तर त्यासाठी २८ प्रमाणित घनमीटर लागतात. १०,००० देणारा असेल तर सव्वापंचवीस. त्यातही उष्मांक ‘एकूण’ की ‘निव्वळ’, हे लिहावं लागतं. जळताना तयार झालेल्या वाफेची उष्णता धरली की एकूण, सोडली की निव्वळ. नैसर्गिक वायूत हा फरक सुमारे दहा टक्क्यांचा असतो. एक विशेषण गाळलं, तर दहा टक्क्यांचा वाद उभा राहतो.

वाहतुकीच्या करारात आणखी एक पेच आहे. वाहिनीचा मालक वायूचा मालक असेलच असं नाही, आणि अनेकांचा वायू एकाच नळीत मिसळतो. आत सोडलेले तेच रेणू दुसऱ्या टोकाला परत देणं अशक्य. परत द्यायची ती तेवढी उष्णता. त्यामुळे प्रवेशबिंदू आणि निर्गमबिंदू दोन्हीकडे माप एकाच अटींवर व्हायला हवं. कॉम्प्रेसरने वाटेत जाळलेला वायू कुणाच्या खाती, हेही लिहायला हवं. भारतात वायूचा दिवस सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा असा धरतात. कुणी जास्त सोडला आणि कमी उचलला, याचा असमतोल त्याच दिवसावर मोजायचा. ‘वाहा किंवा पैसे भरा’ या अटीत तर वायू पाठवला नाही तरी राखलेल्या क्षमतेचं भाडं द्यावं लागतं. मग ती क्षमता घनमीटरमध्ये राखली की उष्णतेत, यावरच बिलाचा आकडा ठरतो.

म्हणून दराची घासाघीस करणाऱ्याने आधी व्याख्यांवर घासाघीस करावी. दरात मिळवलेली पाच टक्क्यांची सवलत ‘एकूण’ या एका शब्दाने बिनबोभाट परत जाऊ शकते, आणि त्या पानावर सही आपलीच असते.