जमिनीला हात रे!

मूल धडपडलं की आपल्या घरात दोन उपाय हमखास होतात. एक जण ओरडतं, "अगंबाई, मुंगी मेली बघ!" दुसरं कुणी जमिनीवर चापट मारतं, "हात रे जमिनीला!" परवा माझी तीन वर्षांची नात उंबऱ्याला अडखळली, तेव्हा दोन्ही झाले. रडं थांबवून तिनं मुंगी शोधली. ती सापडेना, तेव्हा मार खाल्लेल्या फरशीवरून हात फिरवला. एका मिनिटात आम्ही तिला कळवळा शिकवला आणि सूडही. तिचा गुडघा मात्र कुणीच पाहिला नव्हता.

मुलांना दया शिकवावी, हे आपल्याकडे कुणी नव्यानं सांगायला नको. गोदावरीच्या तापल्या वाळवंटातून पोळणारं पोर कडेवर उचलणारे, तहानलेल्या गाढवाला काशीच्या कावडीतलं पाणी पाजणारे एकनाथ आपल्या कित्येक पिढ्यांनी आजीच्या मांडीवर बसून ऐकले. पण त्या गोष्टींत दया करणार संत, मुलानं फक्त ऐकायचं.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, तेव्हा मूल गोष्टीच्या आत आलं. महार समाजातल्या म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला आई श्यामलाच पाठवते. लोक काय म्हणतील, याची त्याला धास्ती. त्यावर आईचा तोडगा असा, की घरी येऊन आंघोळ कर. आज वाचताना ही आंघोळ खटकते आणि खटकायलाच हवी. माया होती, पण विटाळाची रेघ सांभाळून केलेली. तोच श्याम, म्हणजे खुद्द साने गुरुजी, मोठेपणी, १९४७ साली, पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. आईनं जिथवर नेलं, त्याच्या पुढचं पाऊल मुलानं टाकलं.

या दोन्ही टप्प्यांवर प्रश्न एकच होता : मुलानं दुसऱ्याशी कसं वागावं? मोठ्यांनी मुलाशी कसं वागावं, हा प्रश्न बालशिक्षणवाल्यांनी पुढे आणला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरांमागे जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. मुलांना न्हाऊमाखू घालणं, केस विंचरणं हा तिथल्या शिक्षणाचाच भाग होता आणि शंख-शिंपले, खडे, पानं ही साधनं. दयेवर व्याख्यान देण्याआधी कुणीतरी त्या मुलाच्या केसांतली जट सोडवत होतं. आपली जट हलक्या हातानं सुटते, हे ज्यानं अनुभवलं, त्याला दुसऱ्याचे केस ओढू नयेत हे समजावणं सोपं जात असावं.

'अंगणवाडी' हा शब्द १९७५च्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेतल्या माराला आणि मानसिक छळाला बंदी घातली. आता 'दया' मागे पडून 'समानुभूती' हा शब्द रुळतो आहे. दया वरून खाली येते. समानुभूतीला शेजारी बसावं लागतं. शब्दातला हा बदल मला मोलाचा वाटतो.

धास्ती एवढीच, की समानुभूतीचाही शाळेत एक तास होईल. बालवर्गात एकानं दुसऱ्याचा मनोरा पाडला, की आपण दंडाला धरून बजावतो, "सॉरी म्हण!" पोर 'सॉरी' म्हणतं, पाडलेले ठोकळे तसेच पडून राहतात. त्याऐवजी दोघांना घेऊन खाली बसावं, रडणाऱ्याच्या तोंडाकडे बघू द्यावं, ठोकळे पुन्हा रचायला लावावेत. याला वेळ लागतो, आणि आपल्याकडे नेमका तोच नसतो.

त्या दिवशी जरा उशिरानंच मी नातीला जवळ घेतलं. विचारलं, "कुठं लागलं गं?" एका गुडघ्याला जरासं खरचटलं होतं. मी फुंकर घालायला वाकलो, तर तिनं दोन्ही गुडघे पुढे केले.