येशूने हात लावला



राखेच्या बुधवारी आमच्याकडून एक चूक झाली. रांगेत एक आई आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन उभी होती. मुलाच्या कपाळावर इसबाचे लाल, सोललेले चट्टे होते. आमचा अंगठा क्षणभर थबकला आणि कपाळाला न टेकवताच आम्ही वरच्या वर त्याच्या केसांत राख सोडली. त्याला झोंबेल, असे आम्ही स्वतःला सांगितले. ते पूर्ण खरे नव्हते. दुसऱ्या दिवशी आई कार्यालयात आली. तिची तक्रार नव्हती. म्हणाली, “घरी गेल्यावर त्याने विचारले, फादर मला घाबरले का?” तिच्या संमतीने हे लिहीत आहोत.

मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायाच्या शेवटी एक कुष्ठरोगी येशूकडे येतो. लेवीय ग्रंथात अशा रोग्याने वस्तीबाहेर राहावे असा नियम आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द आजच्या कुष्ठरोगापुरता नाही. त्वचेचे अनेक विकार, इतकेच काय कपड्यांवरचे आणि भिंतींवरचे डागही त्यात येतात. येशूला दुरून बरे करता येत होते. शताधिपतीच्या चाकराला त्याने तसेच बरे केले. इथे मात्र त्याने आधी हात लावला. रोग गेला तो त्यानंतर. बाकीच्या इंद्रियांवाचून प्राणी जगेल, स्पर्शावाचून नाही, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे आम्ही सेमिनरीत परीक्षेपुरते पाठ केले होते. ते समजायला इतकी वर्षे लागली.

खरूज लागते, गजकर्ण लागते. इसब लागत नाही. अशा मुलांच्या त्वचेत ओलावा टिकत नाही. ती कोरडी पडते, खाजते आणि खाजवल्याने चिघळते. म्हणून रोज कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, अंग टिपून ते ओलसर असतानाच डॉक्टरांनी दिलेले क्रीम, कापलेली नखे, सुती कपडे. उन्हाळ्यात घामाने पुन्हा जोर धरतो. ही आई सांगत होती की मुलगा झोपेत खाजवतो, म्हणून रात्री ती त्याचे हात धरून बसते. सकाळी पुन्हा डबा, शाळा, नोकरी. आम्ही उपवासकाळात जागरणावर प्रवचने देतो!

ईयोबही राखेत बसून खापराच्या तुकड्याने अंग खाजवीत होता. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले. तेवढेच त्यांनी चांगले केले. तोंड उघडले आणि सारे बिघडवले. आपल्याला सात मिनिटेही गप्प बसवत नाही. “वांगे खाल्ले असेल.” “गरोदरपणी काय खाल्लेस गं?” “अमक्या दुकानात मलम मिळते.” आणि सर्वांत जास्त लागणारे: “नोव्हेना नीट केली नाहीस.” पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली. तो गेला नाही. म्हणून पौलाची श्रद्धा कमी पडली असे कोणी म्हणत नाही. मग आठ वर्षांच्या मुलाला का म्हणावे? प्रार्थना जरूर करा, पण त्याच्या कातडीवरून देवाची किंवा त्याच्या आईची परीक्षा घेऊ नका.

मलमाबद्दल एवढेच, की चिठ्ठीशिवाय आणलेल्या मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते; ते मनाने लावू नये. आणि डॉक्टरांनी दिलेले असेल तर शेजारणीच्या सांगण्यावरून मध्येच सोडूही नये. वयाबरोबर बऱ्याच मुलांचा त्रास कमी होतो, सर्वांचा नाही. म्हणून मुलाला खोटे वचन देऊ नका.

पहिल्या कम्युनियनच्या मिरवणुकीत जोडीदाराचा हात धरायचा असतो. “आमच्या मुलीला दुसरा जोडीदार द्या” असा निरोप सिस्टरांकडे आला आहे. जोडी बदलली जाणार नाही. त्या पालकांनी आम्हाला येऊन भेटावे. आम्ही रागावणार नाही, आम्हीही तेच केले आहे. नेटच्या फ्रॉकला आतून सुती अस्तर लावावे, ते सर्वच मुलींना बरे. वेदीसेवकांचे झगे पॉलिएस्टरचे आहेत. दोन सुती झगे शिवायला टाकले आहेत, कारण या मुलाला वेदीसेवक व्हायचे आहे.

गेल्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही त्याची माफी मागितली आणि त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण केली. क्रीम नुकतेच लावलेले होते. “फादर,” तो म्हणाला, “तुमचा अंगठा तेलकट झाला.”

आपले प्रमुख धर्मगुरू